सतरा मिनिटे

सिल्याचे नाव केर्तूला नकोसे झाले, ते सिल्या बर्फावर आपटली त्या दिवसापासून.

खरे तर त्या दिवशी केर्तूने खूश व्हायला हवे होते. दोघी फिनलंडमधल्या युवास्क्युलाच्या विद्यापीठात शारीरिक शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होत्या आणि सरावासाठी दोघींना एकच शाळा, एकच वर्ग मिळाला होता: पाचवीची चोवीस मुले. जानेवारी संपत आला होता. शाळेमागच्या मैदानावर पाणी सोडून केलेला बर्फ चांगला घट्ट धरला होता. सिल्या समुद्रकाठच्या राऊमाची, तिकडचा निम्मा हिवाळा चिखलातच जातो. स्केटवर तिचे पाय नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखे लटपटत. पहिल्याच तासाला ती मुलांसमोर आली, काहीतरी सांगायला तिने हात वर केला आणि धपकन खाली बसली. मुले खिदळली. कडेला, कशात किती मिनिटे गेली ते लिहायचा निरीक्षणाचा तक्ता घेऊन उभी असलेली केर्तूही मफलरच्या आत हसली.

सिल्या उठली नाही. बसल्या जागेवरून मुलांकडे बघत राहिली. ओरडली नाही, शिट्टी वाजवली नाही. हसू ओसरायला लागतो तेवढा वेळ तिने लागू दिला. मग हळूच, इतक्या हळू की ऐकण्यासाठी मुलांना पुढे सरकावे लागले, ती म्हणाली, "मला उठवायला दोघं पुरेत. पण ती दोघं पडू नयेत म्हणून त्यांना कुणीतरी धरायला हवं. आणि त्यांना?"

बघता बघता चोवीस मुलांची साखळी झाली, प्रत्येकाच्या मुठीत पुढच्याचा कोट. सिल्याला उभे केले गेले. ती साखळी न मोडता तिने अख्खा वर्ग मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि परत आणला. तासाचा पहिला व्यायाम तोच झाला.

केर्तूने तक्त्यात लिहिले: हालचाल, सहा मिनिटे. थंडीत शाई गोठते म्हणून तिथे सगळे पेन्सिलीने लिहितात. तिच्या पेन्सिलीचे टोक मोडले.

केर्तू याच गावची. तिचे वडील नगरपालिकेच्या मैदानांवर बर्फ धरायचे काम करीत. तिसऱ्या वर्षी तिच्या पायात स्केट चढले आणि मग दर हिवाळ्यात फक्त त्यांचे माप बदलत गेले. चौदाव्या वर्षी ती जिल्ह्यात पहिली आली होती. उलटे जाणे, एका पायावर वळणे, वेगात येऊन बर्फाचा फवारा उडवत थांबणे, हे तिला चालण्याइतके सोपे होते. लहानपणी ती याच शाळेत, याच मैदानावर शिकली होती, आणि तिला शिकवणारी मार्युत आजही तिथेच होती. आता अठ्ठावन्न वर्षांची, कमरेत जराशी वाकलेली, खिशात कायम एक रिकामा कॉफीचा पेला ठेवणारी. केर्तू अकरा वर्षांची असताना मार्युत एकदा तिला म्हणाली होती, "पोरी, तू बर्फावर असलीस की मला घड्याळ बघायचं सुचत नाही." हे वाक्य केर्तूने तेरा वर्षे जपले होते.

आता तीच मार्युत दोघींची मार्गदर्शक होती. आणि ऑगस्टपासून ती गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्षभर रजेवर जाणार होती. तिच्या जागी वर्षभर कोण येणार हे मुख्याध्यापक ठरवणार, पण मार्युत नाव सुचवील तेच होणार, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होते. केर्तूने आईला घरी सांगूनही टाकले होते की जागा बहुतेक मिळेल. राऊमाची मुलगी परत राऊमाला जाईल, तिला इथे काय करायचे आहे?

पण केर्तूच्या तासाला वर्ग पाऱ्यासारखा हातातून निसटत असे.

तिचे टाचण उत्तम असायचे. प्रात्यक्षिक तर असे की मुले तोंडे उघडी टाकून बघत. "पुन्हा एकदा दाखव ना, ओपे," ती म्हणत. सगळ्याच शिक्षकांना ती ओपे म्हणतात. केर्तू पुन्हा दाखवी. तेवढ्यात मागची पाच मुले बर्फाचे गोळे करायला लागलेली असत. ती शिट्टी वाजवी. दोन मुले थांबत, बाकीच्यांना वाटे शिट्टी त्या दोघांसाठीच होती. ती आणखी जोरात वाजवी. साम्पो नावाचा एक वात्रट पोरगा होता, तो एकदा अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, "ओपे, जपून हं. एक दिवस गिळशील ती."

आणि सगळ्यात वाईट दशा बर्फावर जाण्याआधीच होत असे. मैदानाच्या कडेला एक लाकडी खोली होती, भिंतींना बाक, मध्ये विजेची शेगडी. तिथे बसून मुले स्केट चढवत. नाड्या आवळायच्या तर हातमोजे काढावे लागतात, आणि बाहेर उणे बारा असताना अकरा वर्षांची बोटे दोन मिनिटांत लाकूड होतात. मग चहूकडून हाका: ओपे, माझी ढिली झाली, ओपे, गाठ बसली, ओपे, माझं कधी करणार. केर्तू गुडघे टेकून एकेकाच्या नाड्या बांधत सुटे. अठरावा बूट आवळेपर्यंत पहिल्या दोघांची हेल्मेटवरून मारामारी जुंपलेली असे आणि तिघेजण गुपचूप दार उघडून बर्फावर पळालेले असत. त्यात हेल्का. ही मुलगी स्वतःच्या नाड्यांना कुणाला हात लावू देत नसे आणि तिला स्वतःला ते धड जमत नसे. ती एकटीच सात मिनिटे घेई. केर्तू जवळ गेली की पाय बाकाखाली ओढून घेई.

मागच्या आठवड्यात सिल्याने केर्तूचा तास मोजला होता. पंचेचाळीस मिनिटांतली अठरा त्या खोलीत गेली होती. मार्युतने आकडा वाचला आणि तक्ता बाजूला ठेवला.

"नाड्या बांधताना तू कुठे बघत होतीस?" तिने विचारले.

"नाड्यांकडे," केर्तू म्हणाली.

"हं. आणि बर्फावर असतेस तेव्हा बर्फाकडे बघतेस. मुलांकडे कधी बघणार?"

सिल्या शेजारीच बसली होती. तिने नजर पेल्यात घातली आणि ढवळून झालेली कॉफी पुन्हा ढवळली. हा तिचा समंजसपणा केर्तूला मार्युतच्या शब्दांपेक्षा जास्त झोंबला.

त्या आठवड्यात केर्तूला झोप अशी नीट लागली नाही. सिल्यामध्ये काय आहे हे ती शोधत राहिली. आवाज म्हणावा तर चहाच्या किटलीसारखा. बोलण्यात राऊमाची ती घाईची, शब्दांची शेपटे तोडणारी भाषा. मुले तिची नक्कल करीत, आणि नक्कल करता करता तिचे ऐकत. दिसायला चारचौघींसारखी. स्केट तर भाड्याचे. विहिणीने मानपानाच्या चुका हेराव्यात तशी केर्तू तिला न्याहाळत असे, आणि तिच्यातली एकेक खोड तिला पाठ झाली होती: मूल मस्ती करायला लागले की सिल्या त्याचे नाव घेत नाही, नुसती त्याच्या बाजूला जाऊन उभी राहते आणि दुसऱ्याशीच बोलते. सूचना संपेपर्यंत कुणाच्या हातात काठी किंवा चेंडू देत नाही. उन्हाकडे स्वतः तोंड करते, म्हणजे मुलांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. इतक्या बारक्या गोष्टी सिल्याच्या आईलाही ठाऊक नसतील.

मग फेब्रुवारीत शेवटच्या मूल्यमापनाचे तास आले. मंगळवारी सिल्याचा, गुरुवारी केर्तूचा. मार्युतची पद्धत अशी की शेवटच्या तासाला ती मैदानावर येत नसे. ती जवळ दिसली की मुले शहाण्यासारखी वागतात आणि मग काही कळत नाही, असे तिचे म्हणणे. ती वरच्या मजल्यावरच्या शिक्षकांच्या खोलीतून, खिडकीशी उभी राहून बघायची. तिथून बर्फ दिसे, लाकडी खोलीच्या आतले दिसत नसे. आत काय झाले ते दुसऱ्या छात्राध्यापिकेचा तक्ता सांगायचा.

मंगळवारी तास दहाला होता. थंडी जास्त असल्यामुळे मुले मधल्या सुट्टीतच, घंटेच्या सहा मिनिटे आधी, खोलीत घुसली. काही नुसती शेगडीशी हात शेकत होती, काहींनी पिशव्या उघडल्या होत्या. सिल्या अजून आली नव्हती. केर्तू कोपऱ्यातल्या बाकावर स्टॉपवॉच घेऊन बसली होती. तिने पहिल्या मुलाला आत येताना पाहिले आणि तिचा अंगठा दाबला गेला. तिने तो दाबला, असेच म्हणायला हवे. घंटा व्हायची आहे हे तिला माहीत होते. समोरच भिंतीवर घड्याळ होते.

घंटा झाली, सिल्या आली. दारापाशी, भिंतीला टेकून उभी राहिली. खोलीत अशी ती एकच जागा होती जिथून चोवीसही डोकी दिसत. तिने एकाही नाडीला हात लावला नाही. तिने सांगितले की आज स्वतःचे बूट कुणी बांधायचे नाहीत, समोरच्याचे बांधायचे. ओढून बघायचे, सैल वाटले तर सोडून पुन्हा. आणि ज्याचे बूट बांधून झाले त्याने दाराशी येऊन तिला फक्त बांधणाऱ्याचे नाव सांगायचे. आपले बूट कसे आहेत हे सांगायचे नाही. एवढे बोलून ती गप्प झाली.

केर्तू तक्ता भरत होती. चौकटींत मिनिटे, आणि समासात बारीक अक्षरात जे दिसेल ते. हेल्काची जोडी साम्पोशी पडली तेव्हा तिला मनातून गुदगुल्या झाल्या, आता गंमत होणार. हेल्काने पाय आत ओढले. साम्पो सिल्याकडे बघायला लागला. सिल्या त्याच्याकडे बघत राहिली, पण जागची हलली नाही. मग साम्पोने आपलाच पाय हेल्कासमोर धरला आणि म्हणाला, "आधी तू माझे बांध. वाईट बांधलेस तर मी बदला घेईन." हेल्काने त्याचे बूट बांधले. इतके घट्ट, की तो ओरडला. मग तिने, कुणी काही न म्हणता, आपला एक पाय पुढे केला.

केर्तूने हेही लिहिले.

पहिली जोडी बर्फावर गेली तेव्हा स्टॉपवॉचवर सतरा मिनिटे झाली होती. तिने चौकटीत आकडा घातला: वाट पाहणे, १७. स्वतःच्या अठराच्या शेजारी हा सतरा तिला बरा दिसला.

तास संपल्यावर तिघी वर बसल्या. त्या दिवशी ईस्टरआधीचे उपवास सुरू होण्यापूर्वीचा सणाचा मंगळवार होता, टेबलावर मलई भरलेले वेलचीचे पाव ठेवलेले. मुरंब्याचे चांगले की बदामाचे यावरून इतर शिक्षकांचे दर वर्षीचे भांडण चालू होते. मार्युतने तिघींसाठी पाव आणि कॉफी आणली, चष्मा लावला आणि तक्ता वाचायला घेतला.

"खोलीत सतरा मिनिटं," ती म्हणाली.

सिल्याचा चेहरा उतरला. "सतरा? मला वाटलं दहा-अकरा झाली असतील," ती म्हणाली. मग खांदे पाडून, "पण मी कुठे घड्याळ बघत होते. केर्तूनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

मार्युत समास वाचत होती. वाचता वाचता तिचे ओठ हलत होते. साम्पो आणि हेल्कापाशी आल्यावर तिने चष्मा काढला, पुसला आणि ती जागा पुन्हा वाचली.

"तीस वर्षांत इतकं नीट कुणी बघितलेलं मी वाचलं नाही," ती म्हणाली. केर्तूच्या कानशिलांवर उष्णता चढली. तेरा वर्षांनी मार्युतकडून मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि तीही सिल्याच्या तासाबद्दल. "फक्त एक कळत नाही. घंटा दहाला झाली. पहिली जोडी बर्फावर आली तेव्हा मी या खिडकीत होते. दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती."

तिने तक्ता टेबलावर ठेवला. पाव खाल्ला नाही, कागद चाळले नाहीत. पाठ खुर्चीला टेकवून केर्तूकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. घाईही नव्हती. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी बदामाची बाजू घेत होते.

'चुकून' हा शब्द केर्तूच्या जिभेवर आला होता. अगदी तयार होता. पण तिच्या आधी सिल्याच बोलली.

"मुलं लवकर आत आली होती ना," ती म्हणाली, "चुकून घंटेच्या आधीच सुरू झालं असेल. माझंही होतं असं."

हे ऐकले आणि केर्तूच्या आत काहीतरी तडकले. खोटे तिने सिल्याविरुद्ध लिहिले होते, आणि त्यातून सुटायची वाटही सिल्याच काढून देत होती, हात पुढे करून, वर चूक आपल्यावरही ओढून घेऊन. मुले तिला उचलायला धावतात आणि ती जगाला उचलायला. बाकी काहीही चालले असते, पण सिल्याच्या हाताने उठणे केर्तूला जमण्यातले नव्हते.

"चुकून नाही," ती म्हणाली. "मी मुद्दाम सुरू केलं. अकराच मिनिटं झाली होती."

"का?" सिल्याने विचारले. ती खरोखरच गोंधळली होती.

"कारण तुला स्केटिंग येत नाही," केर्तू म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. शेजारचे टेबल गप्प झाले. "तू पडतेस आणि अख्खा वर्ग तुला उचलायला येतो. मी या बर्फावर कधी पडले नाही. मला बघायला येतात, टाळ्या वाजवतात आणि निघून जातात."

सिल्याने पेला बाजूला सारला. मग तिचे डोळे बारीक झाले. केर्तूने तिला रागावलेली पहिल्यांदाच पाहिली, आणि तिला जरा बरे वाटले.

"आठवडाभर मी स्वतःला मूर्ख म्हणत राहिले असते," सिल्या म्हणाली. "सहा मिनिटं कुठे गेली ते शोधत बसले असते." ती उठली, कोट उचलला, आणि दारातून वळून म्हणाली, "गुरुवारी तुझा तास मी मोजणार आहे. घंटेपासून मोजते. चालेल ना?"

मार्युतने सतरावर काट मारली, शेजारी अकरा लिहिले आणि केर्तूला त्यावर सही करायला लावली. ओरडली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली की गुरुवारचा तास व्हायलाच हवा, तोंड लपवून घरी बसायचे नाही, आणि पाव खाऊन घे. केर्तूने पाव खाल्ला. त्याला कसलीच चव नव्हती.

गुरुवारी ती दारापाशी, भिंतीला टेकून उभी राहिली. तिला दुसरे काही येत नव्हते, आणि हे मात्र तोंडपाठ होते. कोपऱ्यात सिल्या स्टॉपवॉच घेऊन बसली होती, चेहरा कोरा. केर्तूने शिट्टी खिशातून काढलीच नाही. समोरच्याचे बूट बांधा, ती म्हणाली. ओपे, माझी ढिली झाली, अशी हाक आली; तिचे गुडघे सवयीने वाकायला लागले, तिने ते सरळ केले.

साम्पो तिच्याकडे मान तिरकी करून बघत होता. "ओपे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "तू आज सिल्यासारखी का उभी आहेस?"

खोली शांत झाली. शिट्टीने कधी झाली नव्हती इतकी. चोवीस चेहरे वर, नाड्या हातात तशाच. कोपऱ्याकडे न बघताही केर्तूला कळले की सिल्यानेही मान वर केली आहे. नाही म्हणता आले असते. 'बूट बांध' म्हणून त्याला गप्पही करता आले असते.

"कारण ती बरोबर जागी उभी राहते," केर्तू म्हणाली. "मी चुकीच्या जागी उभी राहत होते. इथून तुम्ही सगळे दिसता."

साम्पोने यावर विचार केला. "मी पण दिसतो?"

"तू सगळ्यात जास्त दिसतोस. हेल्काची डावी नाडी सैल आहे."

मुले हसली आणि कामाला लागली. बर्फावर गेल्यावर केर्तूने फक्त एकदा करून दाखवले आणि ती कडेला आली. आयुष्यात पहिल्यांदा ती बर्फावर उभी राहून बर्फ सोडून सगळे बघत होती. खोलीतली मिनिटे तेरा झाली होती. सिल्याने तेरा लिहिले, ना एक कमी, ना एक जास्त, आणि समासात एकही शब्द नाही. तक्ता देताना ती म्हणाली, "उन्हाकडे तोंड केलंस ते चांगलं झालं." केर्तूला कळेना, हे कौतुक की टोमणा. बहुधा दोन्ही असावे.

जागा सिल्याला मिळाली. ते इतके उघड होते की मार्युतने ते दोघींना जिन्यातच, येता जाता सांगितले. केर्तूच्या शिफारसपत्रात तिने लिहिले की या मुलीइतके बारकाईने बघणारे डोळे मी पाहिले नाहीत, आणि आपली चूक ती आपल्या तोंडाने सांगते. या दुसऱ्या वाक्यावर केर्तू घरी येऊन रडली. आई म्हणाली, पत्र चांगलंच आहे की. केर्तूने तिला काही सांगितले नाही.

त्या पत्रावर तिला उत्तरेकडे कुहमोला नोकरी मिळाली, आणि आता तिथे तिचा नववा हिवाळा आहे. तिथली मुले तास संपला तरी तिला सोडत नाहीत, पालक तिला दुकानात अडवून बोलतात, आणि तिच्या वर्गात बारा मिनिटांच्या आत सगळे बर्फावर असतात. सिल्या वर्षभराची म्हणून राहिली ती कायमचीच राहिली. मार्युत निवृत्त झाल्यावर तिची जागा तिलाच मिळाली. केर्तूच्या गावात, केर्तूच्या बर्फावर. नाताळात घरी आली की केर्तू त्या मैदानावरून जायचे टाळते. एकदा आईनेच सांगितले की तुझी ती मैत्रीण अजून भाड्याचेच स्केट वापरते, आणि अजून पडते. केर्तू म्हणाली, माझी मैत्रीण नाही ती.

विद्यापीठातून आता केर्तूकडेही छात्राध्यापक येतात. त्यांना ती दारापाशी उभे राहायला शिकवते. हे तुला कुणी शिकवलं, असे कुणी विचारले तर नाव सांगते. खोटे बोलत नाही. फक्त ते नाव जरा पटकन घेते, आणि मग टाचण मागते.

ज्या दिवशी तास मनासारखा होतो, मुले लाल गालांनी खोलीत परततात आणि कुणाला बोलावे लागत नाही, त्या दिवशी केर्तूला आधी सिल्याचा थोडा राग येतो, आणि मग सडकून भूक लागते.